बरं हाय म्हणणारं गाव

ज्या साली शिदराम हारगेनं एकसष्टाव्या वर्षी दुसरं लग्न केलं, त्याच साली द्राक्षपट्ट्यात बुरशीताप आला. बोरणाळ गावात आजही कुणी त्या साथीचं साल विचारलं, तर माणसं आकडा सांगत नाहीत. "शिदूआप्पाच्या लग्नाच्या वर्षी," म्हणतात आणि ऐकणारा मान हलवतो. लग्नच तसं झालं होतं. नवरदेवाच्या मिश्या पांढऱ्या, नवरी महानंदा पन्नाशीची विधवा आणि वरातीत पुढं नाचायला नवरदेवाचे स्वतःचे नातू.

सगळं गाव जेवून गेलं. आली नाही ती एकटी नवरदेवाची सख्खी थोरली बहीण, गौराक्का.

गौराक्का एसटीत कंडक्टर होती. तीस वर्षं तिनं तासगाव-जत रस्त्यावर घंटी ओढली आणि तिकीट न काढता तिच्या गाडीतून कुणी उतरलं, असं कधी झालं नाही. पेन्शनीत आल्यावरही तिचा तो स्वभाव गेला नाही. पहिल्या भावजयीवर तिचा जीव होता. शिदरामनं लग्नाचं बोलणं काढलं तेव्हा ती म्हणाली, "वहिनीची माती वाळली न्हाई आजून, आनि तुला बाशिंग सुचतंय?" शिदराम हसून म्हणाला, "आक्का, माती वाळायची वाट बगत बसलो तर माझीच व्हईल." हसण्यावारी नेलं, तेच तिला लागलं. ती घरी गेली ती दार लावूनच बसली. गाव एक, घरं दोन गल्ल्या लांब, पण दोन महिने बहीण-भावात बोलणं नव्हतं.

माघात लग्न झालं आणि फाल्गुनात अवकाळी आला. बेदाण्याचा हंगाम भरात होता. शेडमधल्या जाळ्यांवर द्राक्षं सुकायला पसरलेली. चार दिवस हवा ओली राहिली आणि अर्ध्या शेडांतला माल काळा पडला. बायाबापड्या तो निवडायला बसल्या. राखेसारखी बारीक काळी पूड उडायची, नाकातोंडात जायची. आठवड्याभरात खोकला सुरू झाला, मग ताप, मग दम.

बुरशी काही नवी नव्हती. माणसाच्या छातीत अशी बुरशी रोजच जाते आणि धडधाकट माणसाचं रक्त तिला खाऊन टाकतं. पण सालागणिक उन्हाळा वाढत गेला, तशी ही बुरशी उष्ण अंगात जगायला शिकली. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. द्राक्षावर बुरशी येऊ नये म्हणून या पट्ट्यात कितीतरी वर्षं औषध मारलेलं. माणसाच्या पोटात द्यायच्या ज्या बुरशीवरच्या गोळ्या आहेत, त्या त्याच औषधाच्या भावकीतल्या. शेतातली जी बुरशी मेली ती मेली. जी वाचली तिला औषधाची सवय होऊन बसली. दारू पचवलेल्या गड्याला पेलाभर दिली तर काय होणार? तसं ते होतं. पण हे सगळं नीट समजलं ते मागाहून.

द्राक्षपट्ट्यातल्या गावांनी मिळून एक आरोग्य निधी काढला होता. द्राक्षांच्या दर पेटीमागं थोडं थोडं बाजूला काढून तो साठवलेला. त्या निधीचा एक यंत्रमेंदू होता, त्याचं नाव तोल. आजारी माणसाला कोणतं औषध द्यायचं, हे तोल सुचवायचा. त्याचं काम नावासारखंच होतं. एका पारड्यात उपचाराचा खर्च, दुसऱ्या पारड्यात त्या उपचारानं माणसाला मिळणारे चांगले दिवस. निधी आटोपशीर, माणसं पुष्कळ. तेव्हा ज्या उपचारानं सगळ्या गावाला मिळून जास्तीत जास्त चांगले दिवस लाभतील, त्याकडं तोल झुकायचा. बुरशीतापावर दोन उपचार होते. एक त्या स्वस्त गोळ्या, घरी बसून घ्यायच्या. दुसरं शिरेतून द्यायचं पिवळं औषध. ते महाग, बर्फात ठेवायचं, पंधरवडाभर दवाखान्यात राहून घ्यायचं.

कोण बरं झालं हे तोलाला कळायचं कसं? त्यासाठी तो रोज सकाळी रोग्याला फोन करायचा आणि विचारायचा. आधी छातीवर चिकटवायची यंत्रं वापरून बघितली होती, पण लोक भांडले होते. "यंत्र म्हणतंय मी ठणठणीत, आन् माझा जीव चाललाय!" मग निधीनं नियम केला, की माणूस स्वतःच्या तोंडानं सांगेल तेच प्रमाण. नियम चांगल्या मनानं केला होता. तोलाच्या प्रत्येक सल्ल्यावर गावचे तीन पंच 'होय' म्हणतील तेव्हाच तो अमलात यायचा, हाही नियम. बोरणाळचे पंच म्हणजे डॉक्टर मेहजबीन मुल्ला, शाळेतून निवृत्त झालेले बनसोडे गुरुजी आणि गौराक्का.

पंचायतीच्या खोलीत भिंतीवर तोलाचा पडदा होता. गौराक्का रोज तिथं जायची आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून एकच ओळ शोधायची. शिदराम हारगे, बेदाणा शेड, गोळ्या सुरू. आठव्या दिवशी त्या ओळीपुढं शब्द आला, 'बरा'. तिनं निःश्वास सोडला आणि मनाशी म्हणाली, झालं, आता जायचं कारण उरलं नाही. तोल नसता तर ती पहिल्याच दिवशी मानपान गुंडाळून भावाकडं गेली असती. तोलानं तिचा राग सांभाळला.

गोळ्यांवरच्या दहांतले आठ बरे, असं तोल सांगत होता. एवढ्या स्वस्तात एवढा गुण आल्यावर महागडं औषध कोण मागवणार? तिघा पंचांनी 'होय' म्हटलं. डॉक्टर मुल्लांनी जरा रेंगाळून म्हटलं, एवढंच.

चैत्राच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी गौराक्काच्या दारात महानंदा उभी राहिली. नणंद-भावजय पहिल्यांदाच समोरासमोर येत होत्या. महानंदा उंबऱ्याच्या आत आली नाही.

"वन्सं, जास्तीची उशी आसली तर द्या."

"उशी? कशाला?"

"आडवं झालं की त्यांचा दम कोंडतोय. बसवून निजवावं लागतंय. आमच्या दोन उश्या पुरंनात."

गौराक्का चमकली. "तोल तर म्हनतोय बरा हाय म्हनून."

"मग तोलालाच निजवा माझ्या जाग्यावर!" महानंदाचा बांध फुटला. "दहा दिस झालं डोळ्याला डोळा न्हाई. रातभर भाता चालल्यागत छाती वाजतीया. पहाटं घाम, निस्ती आंघोळ. उशी देनार का जाऊ दुसरीकडं?"

गौराक्कानं घरातल्या चारी उश्या उचलल्या आणि चपला घालायचं विसरून तिच्यामागं निघाली.

शिदराम भिंतीला टेकून बसला होता. लग्नात ज्या मिश्यांना पीळ दिला होता, त्या ओघळल्या होत्या. बहिणीला बघून तो उठायला गेला आणि खोकल्यानं वाकला. फडक्यावर लाल उमटलं. ते त्यानं मांडीखाली सारलं.

"ये आक्का. लग्नाचं जेवान संपलं, उशीर केलास."

"गप बस, मुडद्या."

एवढ्यात त्याच्या उशाशी फोन वाजला. रोजची वेळ. फोनमधला आवाज गोड होता, शहरातल्या शिकलेल्या माणसासारखा. "नमस्कार शिदरामजी. मी तोल. आज कसं वाटतंय?"

शिदराम सावरून बसला. दम गोळा केला. गौराक्काच्या डोळ्यांदेखत तो हसऱ्या आवाजात म्हणाला, "बरं हाय."

"ताप आहे का?"

"हाय आपला किरकोळ. चालायचंच."

"दम लागतो का?"

"तसं काय न्हाई. तुमचं बरं हाय न्हवं?"

"आभारी आहे. काळजी घ्या." फोन बंद झाला आणि शिदराम उशीवर कोसळला.

"आरं, बरं कुठं हाय?" गौराक्का ओरडली. "आँ? ह्याला बरं म्हनत्यात?"

"आक्का," तो धापा टाकत म्हणाला, "परक्या मानसानं... कसं हाय इचारलं तर... रडगाणं गायाचं व्हय? पद्धत हाय का ती?"

गौराक्का खाली बसली. तिला एकाएकी सगळं गाव ऐकू आलं. तीस वर्षं तिच्या गाडीत माणसं चढत होती. मयताला निघालेली, कोर्टात हरून आलेली, तापानं फणफणलेली. 'काय पावनं, बरं हाय का?' असं तिनं विचारायचं आणि त्यांनी 'बरं हाय' म्हणायचं. रामरामाला रामराम, तसं ते.

तिनं डॉक्टरीणबाईंना फोन केला नाही. तशीच अनवाणी दवाखान्यात गेली आणि हात धरून त्यांना घेऊन आली.

डॉक्टर मुल्लांनी शिदरामची छाती तपासली आणि त्यांचा चेहरा उतरला. अंगणात येऊन त्या म्हणाल्या, "आक्का, मला पंधरवडाभर एक कोडं पडलंय. दवाखान्यात अगदी अखेरीला आलेली माणसं येतात, आणि तोल म्हणतो ही दुसऱ्यांदा लागण आहे. आधी बरी झाली होती, पुन्हा आजारी पडली. मी म्हणायचे, इतक्या जणांना इतक्या लवकर दुसऱ्यांदा कसं होईल?"

"दुसऱ्यांदा कुठलं? पयलंच हाय ते. मधी निस्तं बरं हाय म्हनाल्यात."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "तोलाला शिकवलंय दवाखान्यांच्या केसपेपरवरून. केसपेपरवर 'बरा' लिहिला की माणूस रोगातून सुटला. तो तेच शिकला. गोळ्यांबद्दल माझ्या मनात शंका होती, पण आकड्यांपुढं गप्प बसले. दहांतले आठ! ते आठ बरे नव्हते, ते सभ्य होते."

"आनि उरलेलं दोघं?"

"ती भांडकुदळ असतील. त्यांना औषध बदलून मिळालं."

दोघींना हसू आलं आणि लगेच हसल्याची लाज वाटली. गौराक्कानं डॉक्टरांकडं निरखून बघितलं. डोळे तांबडे, ओठ सुकलेले. "तुमी कशा हाय, बाई?"

"मी बरी आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि बोलता बोलता थबकल्या. मग हळूच म्हणाल्या, "परवापासून कणकण आहे, आक्का. अम्मीलाही फोनवर हेच सांगते."

चूक सापडली. गुरुजींनाही शिदरामच्या ओसरीवर बोलावून घेतलं. पण तोलाला विचारायला काय शिकवायचं? गुरुजी म्हणाले, ताप आकड्यात विचारावा. पण थर्मामीटर किती घरांत होते? डॉक्टर म्हणाल्या, खोकून दाखवायला सांगावं. पण फोन वाजला की माणसं खोकला दाबून धरत होती. तिघं विचार करत बसली होती तेवढ्यात महानंदा चहा घेऊन आली. कपबशा ठेवता ठेवता ती पुन्हा सुरू झाली, नवरा रात्रीत किती वेळा उठतो, कुठल्या कुशीवर होत नाही, भाकरी किती टाकून देतो. डॉक्टर ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "महानंदाताई, तुम्ही त्यांचं सगळं सांगता. स्वतःचं काही सांगत नाही."

"माझं काय सांगायचं? माझं बरं हाय."

गुरुजींनी टेबलावर थाप मारली. "मिळालं! स्वतःचं रडगाणं कुणी गात नाही. दुसऱ्याचं विचारायचा अवकाश!"

निधीनं जुना नियम बाजूला ठेवायची परवानगी दिली आणि दुसऱ्या दिवसापासून तोलानं रोग्यांना फोन करणं सोडलं. तो घरच्यांना फोन करू लागला आणि त्याचा पहिला प्रश्न असा होता, "तुमची झोप झाली का?"

काय विचारता! धरण फुटावं तशी माणसं बोलू लागली. नवरे बायकांबद्दल, सुना सासवांबद्दल. "झोप कुठली वो, म्हातारी रातभर कण्हतीया." "आमच्या ह्यांनी कालपासनं पानी सोडून काय घेतलं न्हाई." एका म्हातारीनं तोलाला सुनेच्या माहेरापर्यंत सगळं सांगितलं. तोल न थकता ऐकत होता आणि त्यातून खोकला, घाम, भूक वेचून घेत होता. संध्याकाळपर्यंत पडद्यावरचे 'बरे' निम्म्याहून कमी झाले. गोळ्यांचं पारडं रिकामं वर गेलं.

पिवळं औषध मागवलं. पण सगळीकडूनच मागणी होती. बोरणाळच्या वाट्याला थोड्या कुप्या आल्या, पुढची गाडी आठवड्यानं येणार होती. त्या कुप्यांची पेटी मधे ठेवून तिघं पंच बसले आणि तोलानं खऱ्या माहितीवर पुन्हा माप केलं.

नव्या मापात एक चांगली गोष्ट निघाली. ताप आल्यावर पहिल्या काही दिवसांतच पिवळ्या औषधाचा एकच मोठा डोस दिला आणि पुढं दुसऱ्या भावकीतल्या, एरवी एकट्या न पुरणाऱ्या स्वस्त गोळ्या दिल्या, तर पंधरवडाभर दवाखान्यात राहायची गरज नव्हती. बुरशीनं घर बांधायच्या आत तिचा पाया उखडायचा. पण ज्यांच्या छातीत तिनं घर बांधलं होतं, त्यांना पूर्ण पंधरवडाच लागणार होता आणि तरी चौघांतला एखादाच वाचणार होता. असा गावात एकटा शिदरामच उरला होता. बाकीचे आधीच गेले होते. एका शिदरामच्या पंधरवड्याच्या कुप्यांत चौदा घरं उभी राहत होती.

गुरुजींनी चष्मा पुसला. "आक्का, भावाचा मामला आहे. नियमानं तुम्हाला यात बसता येत नाही, अशा वेळी दोघांचं 'होय' पुरतं. तुम्ही बाहेर जाऊन बसा. मी आणि डॉक्टर बघतो काय ते."

त्यांनी डोळे वर केले नाहीत. गौराक्काला कळलं. ती नुसती उठून बाहेर गेली असती, तर आत दोघांनी शिदरामचं नाव पहिलं लिहिलं असतं. तिच्या तोंडाकडं बघून लिहिलं असतं. नियम पाळला गेला असता, भाऊ मिळाला असता आणि तिला कुणी बोट दाखवलं नसतं. तिचा हात खुर्चीच्या दांडीवर गेलाही.

मग ती पुन्हा टेकून बसली.

"मी भाईर गेले तर तुमी काय करनार ते मला दिसतंय, गुरुजी. मी न्हाई जात. तुमी दोघंच होय म्हना, मी म्हनत न्हाई. पन माझ्यासमोर म्हना."

मग डॉक्टर मुल्लांनी आणि गुरुजींनी तिच्यासमोर 'होय' म्हटलं. चौदा घरं. त्यांत शेडमधल्या बाया होत्या, एक लेकुरवाळी होती, आणि गुरुजींनी हट्टानं घातलेलं डॉक्टर मुल्लांचं नाव होतं.

घरी जाऊन सांगायचं काम गौराक्कानं स्वतःकडं घेतलं. महानंदानं ऐकून घेतलं आणि तिचे डोळे पेटले.

"लग्नाला आला न्हाईसा. आता मातीला तरी या."

गौराक्कानं मान खाली घातली. शिदरामच बोलला. त्याला एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"महानंदा, हितं ये. आगं, तुझा दीड म्हयन्याचा संसार, तू भांडनारच." मग बहिणीकडं बघून म्हणाला, "चौदा म्हनलीस? माझ्या वरातीत एवढी नाचली नव्हती."

"थट्टा पुरं, शिदू. खरं सांग. मी चुकले का?"

त्यानं डोळे मिटले. गौराक्काला वाटलं, झोपला. मग तो म्हणाला, "मला भ्या वाटतंय आक्का. लई भ्या वाटतंय. पन तू चुकली न्हाईस." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुठं कुठं दुखतंय ते तिला सांगितलं. छातीत कुठं, पाठीत कुठं, घशात कसं. महानंदा एका बाजूला, गौराक्का दुसऱ्या बाजूला. दोघी ऐकत होत्या.

गौराक्का त्या दिवसापासून त्या घरातच राहिली. ऑक्सिजनचं यंत्र आणून बसवलं. दोघी पाळीपाळीनं त्याला टेकवून धरायच्या. पाळीपाळीनं झोपायच्या. सकाळी तोलाचा फोन आला की कधी एक बोलायची, कधी दुसरी. तिसऱ्या दिवशी तोलानं महानंदाला विचारलं, "तुमची झोप झाली का?" तर ती म्हणाली, "झाली. वन्संनी मला उठीवलंच न्हाई." गौराक्का चुलीपाशी उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला.

इकडं गावात रोज एकेक बातमी येऊ लागली. लेकुरवाळीचा ताप उतरला. शेडमधली एक बाई भाकऱ्या थापायला बसली. डॉक्टर मुल्ला दोन दिवस झोपून उठल्या आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन सगळ्यांवर खेकसू लागल्या, तेव्हा गाव म्हणालं, आता खऱ्या बऱ्या झाल्या. शेजारच्या गावांनी बोरणाळचा प्रश्न उचलला. पुढच्या महिन्यात सगळ्या द्राक्षपट्ट्यात तोल घरच्यांनाच झोप विचारू लागला. बागायतदारांची मोठी बैठक झाली, खूप भांडणं झाली आणि शेवटी ठरलं, की माणसाच्या औषधाच्या भावकीतलं औषध वेलीवर मारायचं नाही. थोडं पीक गेलं तर गेलं. ही बैठक शिदरामच्या शेडमध्ये झाली. महानंदानं सगळ्यांना चहा दिला आणि पहिला हात तिनंच वर केला.

पण हे सगळं नंतरचं. औषधाची पुढची गाडी त्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी आली. शिदरामला पिवळं औषध त्याच संध्याकाळी सुरू केलं, पण छातीत जागा उरली नव्हती.

शिदराम हारगे चैत्र वद्य दशमीला, रविवारी सकाळी गेला. बहीण आणि बायको जवळ होत्या. त्या साथीत बोरणाळमध्ये त्याच्यानंतर कुणी गेलं नाही.